नऊशे

बाजारातली एकशे ऐंशीची कुऱ्हाड
भरमाक्काच्या हातातून निम्मीच सुटली.
दांडा हातात, पातं कुंपणात,
बांधलेल्या शेळीच्या दोन विती अलीकडं.
आपल्याच पायावर मारून घ्यायला
दर वेळी आपली चूक लागते असं नाही,
सैल नेढं पुरतं.

तेव्हापासून बसलिंग कम्मार आणि मी
एका वहीत भांडतोय.
मी उद्यमबागेत आठवडाभर लेथवर व्हॉल्व्ह कापतो,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला घाबरून.
तो नंदगडात, भात्याच्या जागी
जुन्या जीपचा ब्लोअर लावून.
कॅलिपर दाखवला की म्हणतो,
"डोळा हाय की रे."

लोखंड मोडीतल्या बसच्या पाट्याचं.
घाटातले खड्डे खाऊन खाऊन
वाकून परत सरळ व्हायचं त्याला ठाऊक.
पहिलं पातं आम्ही पाण्यात विझवलं.
टिंग.
गालावर केसाएवढी चीर.
बसलिंग काही बोलला नाही,
चहा सांगितला.

दुसऱ्याला करंजाचं तेल.
मग निखाऱ्यावर परत हळूहळू ताव,
धारेकडं सरकणारा रंग बघत:
वाळल्या गवताचा, मधाचा,
जांभळ्याची चाहूल लागली की थांबायचं,
निळा दिसला तर उशीर झाला.
ह्याला पाणी देणं म्हणतात,
तेलात बुडवलं तरी.

नेढं वर सैल, खाली सैल, कंबरेत आवळलेलं;
पाचर ठोकल्यावर पात्याला
निघून जायला वाटच नाही.
दांडा धामणीचा.
गोतास काळ म्हणून नाव ठेवलंय त्याला,
पण झटका स्वतःत जिरवतो,
मनगटापर्यंत येऊ देत नाही.
लांबी भरमाक्काच्या काखेपासून
मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

वहीत: पाटा साठ, कोळसा सत्तर,
दांडा चाळीस, तेल-घासणी तीस.
मजुरी मी दोनशे लिहिली,
त्यानं खोडून दीडशे,
मी परत दोनशे, पेनानं.
वर वीस धरले तर चारशेवीस.
"हा आकडा नको," तो म्हणाला, "लोक काय म्हणतील."
चारशेदहा.

मग नाव. कुठल्या लिपीत ठोकायचं?
खडूनं त्यानं कन्नडात कोडली लिहिलं,
त्याखाली मी कुऱ्हाड.
दोघांनी बराच वेळ बघितलं.
पाट्यांवरून ह्या गावात आधीच पुरे झालंय.
माझ्या पेटीत फक्त आकड्यांचे पंच होते,
म्हणून वजन ठोकलं, ग्रॅममध्ये:
९, ०, ०. इंग्रजी आकड्यांत.

बाजारात पहिला माणूस वाचून पुढं गेला.
दुसरा म्हणाला, "नऊशे?
सोन्याचं पाणी दिलंय काय?"
तिसरा "ओंबैनूर!" म्हणून हसला
आणि बायकोला बोलावून दाखवलं.
आम्ही ओरडत राहिलो, वजन हो, वजन!
दुपारपर्यंत एकही गेली नाही.

भरमाक्का आली. भाव विचारला नाही.
अंगठा धारेवर आडवा फिरवला,
एक डोळा मिटून दांड्याची रेघ पाहिली,
पातं खाली करून दगडावर दोनदा आपटलं.
"वजन म्हंतासा न्हवं? तोला."

शेजारच्या वांगीवाल्याचा तराजू, दांडा काढून.
आठशे सत्तर.
तीस ग्रॅम सहाणेनं खाल्ले,
आणि ठोकायची घाई आधी केली होती मी.
बसलिंगकडं बघितलं.
"डोळा हाय की रे," मी म्हणालो.
त्यानं पाचर परत बसवली,
लागायला हवी त्यापेक्षा जोरात.

"तीस ग्रॅमचं कापा."
मी वही काढली: तेरा रुपये सदुसष्ट पैसे.
तिनं तीनशे नव्वद मोजून दिले
आणि उरलेल्याचा विषय निघायच्या आत
गर्दीत शिरली,
खांद्यावर पातं आमच्याकडं तोंड करून,
त्यावरचा आकडा उन्हात चमकत,
तीस ग्रॅम खोटं बोलत.